धावपट्टीवर थांबलेले नाना

दिल्ली ते मुंबई विमानाला दोन तास लागतात, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. मुंबईपासून धुळ्यापर्यंतचा दिवसभराचा रस्ता मात्र कुणी हिशेबात धरत नसे. वडील पहाटे गेले तेव्हा थोरला भाऊ दिल्लीत होता. ‘तो विमानाने निघालाय,’ एवढंच धुळ्यातल्या देवपूरच्या घरात सांगितलं गेलं.

ते नानांनी ऐकलं. नाना म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, दोंडाईच्याकडच्या खेड्यातून येऊन राहिलेले. धुळ्याबाहेर एक धावपट्टी होती. मंत्र्याचं विमान उतरलं तर उतरलं, एरवी तिथे शेळ्या चरायच्या. पुतण्याला आणायला नाना कुणाला न सांगता तिकडे चालत गेले.

भाऊ मुंबईहून टॅक्सीने आला तेव्हा उन्हं कलली होती. अंधाराआधी अग्नी द्यायचा म्हणून सगळ्यांची घाई. तिरडी उचलताना नाना दिसेनात. ‘येतील मागून,’ कुणीतरी म्हणालं आणि आम्ही निघालो. त्या वाक्याचा मला आजही संताप येतो.

अग्नी देऊन पांझरेत अंघोळ झाल्यावर एका शेजाऱ्याने सांगितलं, नाना सकाळी धावपट्टीची वाट विचारत होते. भाऊ आणि मी ओलेत्यानेच तिकडे गेलो. नाना बाभळीखाली बसले होते. भावाला पाहून धडपडत उठले.

‘इमान कवय उनं रे? माले दिसनंच नही,’ ते म्हणाले. ‘चाल लवकर, तुना बाप वाट देखी ऱ्हायना.’

मग त्यांची नजर भावाच्या ओल्या धोतरावर गेली.