एक्स्चेंजबाईंचा राजीनामा

चादर पिळायला दोन माणसं लागतात. एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या. आणखी एक वळसा दिला असता तर उरलेलं पाणी निथळलं असतं, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, सेक्रेटरी आले होते.

"आत या, बसा, पंखा लावून घ्या," जाऊबाई मागच्या दारातूनच म्हणाल्या. टोक त्यांनी सोडलं नाही.

सेक्रेटरी बसले नाहीत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "पाळकसाहेबांनी विचारलंय, या महिन्याचा भेटीचा तक्ता अजून आला नाही."

तेव्हा मात्र जाऊबाईंनी टोक सोडलं. चादर माझ्या पायांवर ओघळली.

"येणार नाही म्हणून सांगा."

"म्हणजे उशिरा येणार?"

"उशिरा नाही आणि लवकरही नाही. रविवारी उपासना झाली की पंचांच्या बैठकीत मीच येऊन सांगते."

सेक्रेटरी माझ्याकडे बघायला लागले, जणू मी काही मधला मार्ग काढीन. मी चादर उचलून बादलीत टाकली. मधले मार्ग काढून काय होतं ते मला नुकतंच कळलं होतं.

जाऊबाईंना मंडळीत सगळे एक्स्चेंजबाई म्हणतात. एकतीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. पूर्वी बाहेरगावचा फोन लावायचा तर आधी त्यांच्यासारख्या बाईंना नंबर सांगावा लागे. त्या समोरच्या फळीवर दोन दोऱ्या खोचून दोन माणसं जोडून देत. जोडणी नीट झाली का हे कळायला पहिले चार शब्द ऐकावेच लागत, आणि चार शब्दांत कुणाचं लग्न मोडलं, कुणाची आई गेली, कुणाचा मुलगा परीक्षेला बसलाच नव्हता, हे सगळं कानावर येई. पण या कानाची खबर त्या कानाला नाही. माझे थोरले दीर हयात होते तेव्हा त्यांनी एकदा शेजारच्यांच्या फोनबद्दल खोदून खोदून विचारलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, "लागला फोन." दिरांनी तीनदा विचारलं आणि तीनदा तेच उत्तर मिळालं. शेवटी तेच म्हणाले, "मी बायको केली की तिजोरी?"

दीर गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. मला 'धाकटे' म्हणतात आणि माझी भाकरी करपली तर काही न बोलता करपलेली बाजू आधी खातात.

मंडळीत त्या एकोणीस वर्षं भेट समितीच्या प्रमुख होत्या. आजारी, म्हातारी, उपासनेला यायची बंद झालेली माणसं यांच्या घरी जायचं, बसायचं, प्रार्थना करायची. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन ते पाच. मी नवीन असताना त्यांच्याबरोबर जाऊ लागले तेव्हा आत शिरल्या शिरल्या प्रश्नांची सरबत्ती करायची. कसं वाटतं, डॉक्टर काय म्हणाले, मुलगा येतो का. एकदा रस्त्यात त्यांनी मला थांबवलं. "धाकटे, विचारलं की माणूस उत्तर देतो. गप्प बसलं की खरं सांगतो." त्यांची प्रार्थनाही तशीच. चार ओळींची, आणि त्यात समोरच्याने सांगितलेलं काही नसायचं. "तुला सगळं ठाऊक आहे" एवढंच देवाला म्हणायच्या.

दोन वर्षांपूर्वी नवे पाळकसाहेब आले. पाळकाविरुद्ध लिहिताना माझा हात अडखळतो, म्हणून आधी चांगलं ते लिहिते. माणूस कष्टाळू. पहाटे उठून आवार झाडणारा. छप्पर गळत होतं, ते त्यांनी स्वतः वर चढून दुरुस्त केलं. पण त्यांना प्रत्येक गोष्ट आपल्या मुठीत लागायची. कपाटांच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडे गेल्या. गाणी कोणती म्हणायची हे गायकगण ठरवायचा, ते आता शनिवारी त्यांच्याकडून कागदावर यायचं. फुलदाणी उजवीकडे ठेवायची की डावीकडे, यावर फुलं लावणाऱ्या बाईंना दोनदा बोलावणं झालं. पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारी सात माणसं. त्यांच्या बैठकीत पूर्वी आवाज चढायचे, आता फक्त माना हलायच्या.

मग भेटीचा तक्ता निघाला. छापील कागद, चार रकाने. घर, भेटीचा दिवस, अडचण, काय बोलणं झालं. दर महिन्याच्या शेवटी पाळकसाहेबांकडे द्यायचा.

जाऊबाईंनी पहिले दोन महिने पहिले दोनच रकाने भरले. तिसऱ्या महिन्यात कागद परत आला, शेवटच्या दोन रकान्यांवर लाल खुणा.

"भरून टाकू या हो," मी म्हटलं. "पाळकांची आज्ञा आहे. आणि ते प्रार्थनेसाठीच तर मागतात. प्रार्थनेसाठी सांगणं म्हणजे का चहाडी?"

हे मी म्हटलं. जाऊबाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, म्हणून पेन मीच घेतलं. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. बहुतेक घरांपुढे 'गुडघेदुखी' आणि 'एकटेपण'. टेलरच्या घरापुढे त्या थांबल्या. मी म्हटलं, "देवापुढेच तर जायचंय." तेव्हा त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: नजर अधू होत चालली आहे, दुकानात कुणाला कळू दिलेलं नाही, कापडावर खुणा बायको करून देते.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी लांब प्रार्थना केली. फार कळवळ्याने केली, हेही लिहायला हवं. "आमच्यातला एक बंधू, हे प्रभू, ज्याचं पोट सुईदोऱ्यावर आहे, त्याच्या डोळ्यांपुढे अंधार येतो आहे आणि तो ते लपवतो आहे. त्याला उघडपणे बोलायचं धैर्य दे." आमचे सगळ्यांचे डोळे मिटलेले. सगळ्यांनी आमेन म्हटलं, मीसुद्धा. डोळे उघडले तेव्हा चौथ्या बाकावर टेलरची बायको नवऱ्याचा हात धरून उठत होती.

आमच्या मंडळीत टेलर एकच. त्याच आठवड्यात दोघीजणी शिवायला दिलेलं कापड तसंच परत घेऊन गेल्या, आणि लग्नाचे कपडे टाकायला आलेलं घर पायरीवरूनच वळलं.

मंगळवारी जाऊबाई गेल्या, मी बरोबर होते. टेलरची बायको दाराच्या साखळीआडून म्हणाली, "ते झोपलेत." आत मशीन चालू होतं. शुक्रवारी पुन्हा झोपलेत. त्यापुढच्या मंगळवारी जाऊबाई पायरीवरूनच म्हणाल्या, "मला भेटायचं नाही, सांगायचंय. तक्त्यात मी लिहिलं. चूक माझी आहे."

"लिहिलेलं पुसता येतं का?" ती म्हणाली आणि दार लागलं.

परतताना मी म्हटलं, "अक्षर माझं होतं, तुम्ही ते का नाही सांगितलंत?"

"अक्षर तुझं, शब्द माझे. वाटण्या कशाला करायच्या?"

त्यानंतरच्याच आठवड्यात सेक्रेटरी तक्ता मागायला आले, ते वर लिहिलं आहे.

रविवारी उपासनेनंतर मागच्या खोलीत पंच बसले. शेजारच्या मोरीत मी प्रभुभोजनाचे पेले विसळत होते. मधलं दार उघडं होतं. चोरून ऐकणं बरं नव्हे, पण नळाचा आवाज फार होत होता म्हणून मी तो बंद केला.

"बाई," पाळकसाहेब म्हणाले, "मेंढपाळाला आपल्या कळपाचं दुखणं कळू नये का?"

"कळावं की. म्हणून तर म्हणते, तुम्ही स्वतः जा. टेलरचं घर इथून सात मिनिटांवर आहे."

"मी चाळीस घरांना कुठे पुरा पडणार? तुम्ही माझे कान आहात."

"कान होते तोवर ठीक होतं. तुम्ही माझं तोंड केलंत."

"मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं."

"सुईदोऱ्यावर पोट असणारे आपल्यात किती आहेत, पाळकसाहेब?"

कुणीतरी खुर्ची सरकवली. पाळकसाहेबांचा आवाज जरा खाली आला. "मी प्रार्थना केली, बाई. चहाडी नाही केली."

"तेच तर. चहाडी असती तर मी पहिल्या वाक्याला उठले असते. प्रार्थना होती म्हणून डोळे मिटून आमेन म्हटलं. माझी चूक तुमच्याआधीची आहे. मी लिहिलंच नसतं तर तुम्ही कुठून बोलला असता? म्हणून आता लिहिणार नाही."

"तक्ता देणार नसाल तर पदावर राहता येणार नाही."

"म्हणून पत्र आणलंय."

पत्र मला पाठ होतं, कारण यावेळी त्यांनी ते स्वतःच्या मुंग्यांच्या अक्षरात लिहून मला वाचून दाखवलं होतं. 'भेटीत ऐकलेलं कागदावर देणं माझ्याने होणार नाही, म्हणून मी भेट समितीचं प्रमुखपद सोडते आहे.' एकच वाक्य. पाळकसाहेबांना ते वाचायला बराच वेळ लागला.

"यात प्रकृतीचं कारण घाला," ते म्हणाले. "उगाच मंडळीत चर्चा नको."

"माझी प्रकृती ठणठणीत आहे. खोटं दुखणं लिहिलं तर खरं यायचं."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"आणि यापुढे समितीच्या नावाने कुणाच्या घरी जाता येणार नाही, हे लक्षात असू द्या."

"समितीच्या नावाने नाही जाणार. माझ्या पायांनी जाईन."

त्या बाहेर आल्या, मोरीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "धाकटे, नळ सुरू कर. पेले वाळले."

पुढच्या रविवारी व्यासपीठावरून जाहीर झालं की आपल्या ज्येष्ठ भगिनी थकव्यामुळे विश्रांती घेत आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. झालं. आठवडाभर आमच्याकडे माणसांची रीघ लागली. सफरचंदं, केळी, कुणी गरम पाण्याची पिशवी. गायकगणातल्या आजी काठी टेकत आल्या तेव्हा जाऊबाई स्टुलावर चढून पंखा पुसत होत्या.

"अगं उतर खाली, थकलीस ना तू?"

"कोण म्हणालं?"

"पाळक."

"मी थकले नाही, आजी. तक्ता भरायचा नव्हता म्हणून पद सोडलं." सगळ्यांना त्यांनी एवढंच सांगितलं. वर एक शब्द नाही. आमचे हे मात्र केळं सोलत म्हणाले, "वहिनी, अशाच आजारी राहा. मंडईत जायला नको."

"भावजी, तुम्ही केळी खाताय, दुखणं माझ्या नावावर."

हसायच्या, पण मंगळवारी तीन वाजले की केस विंचरून, पदर नीट करून त्या कॉटवर बसायच्या. चपला काढून ठेवलेल्या असायच्या. बाकीच्या घरी जायला कुणाची बंदी नव्हती, गेल्या असत्या तर दारं उघडलीच असती. पण त्या म्हणायच्या, "जिथे माझ्यामुळे दार लागलंय ते उघडल्याशिवाय दुसऱ्या दारात उभी कशी राहू?" मी रोजच्या प्रार्थनेत तेवढं एकच मागत होते, आणि मागताना आवाज काढत नव्हते. समितीला नव्या प्रमुखबाई मिळाल्या. हुशार आहेत. त्यांच्या तक्त्यात चाळीसही घरांपुढे 'सर्व कुशल' असतं.

चार आठवडे असे गेले. मग मला राहवेना. मी उशांच्या अभ्र्यांसाठी घेऊन ठेवलेलं कापड काढलं आणि टेलरच्या दुकानात गेले. सहा अभ्रे, सरळ शिलाई. टेलर बोटांनी कापड चाचपत होते. त्यांच्या बायकोने मला नखशिखान्त बघितलं.

"दया करायला आलात का?"

"उशा उघड्या पडल्यात हो," मी म्हटलं. खरंच पडल्या होत्या.

आणायला जाताना मी जाऊबाईंना बरोबर चला म्हटलं. दुकानात मला कुणी साखळी लावणार नव्हतं. त्या बाहेरच्या फळीपाशी उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. मी अभ्रे मोजले आणि सवयीने एकेकात हात घालून बघू लागले. पाचव्यात हात जाईना. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. चारी बाजू व्यवस्थित शिवलेल्या. टेलरच्या बायकोच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा उतरला. ती ओढून घेणार, तेवढ्यात जाऊबाईंनी बाहेरून हात लांब करून अभ्रा घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाल्या, "धाकटे, उशी आत ठेवूनच शिवायची होती की काय?"

आधी टेलर हसले. मशीनवर डोकं टेकवून हसले. "बाई, कितीतरी दिवस मी कुणावर तरी असं हसायची वाट बघत होतो," ते म्हणाले, "तो मीच निघालो." मग त्यांची बायको हसली, आणि हसता हसता स्टुलावर बसून रडायला लागली.

जाऊबाई आत आल्या आणि तिच्याजवळ बसल्या. काही विचारलं नाही. मी अभ्र्याची एक बाजू उसवत राहिले.

बाजू उसवून झाली तेव्हा ती म्हणाली, "मोठ्या इस्पितळात बोलावलंय. तपासणीत डोळ्यांत औषध घालतात, मग चार तास काही दिसत नाही. बरोबर माणूस लागतं. मी गेले तर दुकान बंद. बंद दिसलं की लोक काय ते समजायचेच."

मी उसवलेले दोरे जाऊबाई गोळा करू लागल्या.

"तुम्ही हे कुठे..." ती म्हणाली आणि थांबली. मग पदराने तोंड पुसून तिने विचारलं, "गुरुवारी वेळ आहे का तुम्हाला?"

"आहे."

आज बुधवार. उद्या सकाळी साडेआठला जाऊबाई टेलरना घेऊन डोळ्यांच्या इस्पितळात जाणार आहेत. जुना चष्मा आणि मागच्या डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर न्यायची आहे.