मुंग्यांची साखर

आमचे मालक मानवतच्या जिनात मुनीम होते. कापसाची धूळ खाऊनच खोकला लागला असं सगळे म्हणायचे, मीही म्हणायचे. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा हकीमसाहेबांनी क्षय सांगितला, आणि उपाय एकच, भरपूर खाऊ घाला. आम्ही लिंगायत, मांस-अंड्याचं नाव नाही. सगळी कसर मी गोडावर काढली. तूप-साखरेचा शिरा, खडीसाखर घातलेलं दूध, गव्हाची खीर. माझ्या हाताला गुण आहे असा माझा मोठा तोरा होता.

ते खायचेही. हावरटासारखं खायचे, तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचे आणि वाळत चालले होते. माझा नुसता जळफळाट व्हायचा. एवढं खाल्लेलं जातं कुठे?

सासूबाईंनी नवस बोलला होता. लेक उठून बसेपर्यंत रोज सकाळी वारुळाशी मुंग्यांना पीठसाखर घालायची. महिनाभर त्यांनी नेमानं घातली, आणि खरंच, एके दिवशी आमच्या मोरीत मुंग्यांची रांग लागली. रात्री-अपरात्री ते तिथेच लघवीला बसत. सासूबाईंनी हात जोडले.

"बग गं, दारात आल्यात. पावल्या!"

मीही हात जोडले. बिचाऱ्या मरू नयेत म्हणून मोरीत पाणी ओतायचंसुद्धा जपून ओतू लागले. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

ताप हटेना, तेव्हा त्यांना रेल्वेनं परभणीच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर मोडक्या मराठीत बोलत. खोकल्याचं विचारून झालं आणि मधेच म्हणाले, "पेशाबाला मुंग्या येतात का?"

"येतात की! रांगच्या रांग. आमचा नवसच हाय तसा," मी फुशारकीनं सांगितलं.

त्यांनी लघवी मागितली, काचेच्या नळीत निळ्या औषधाबरोबर उकळली. बघता बघता निळा रंग गेला आणि विटेचा लाल आला. मग मला एकटीला व्हरांड्यात बोलावलं.

"दिक आहे, म्हणजे क्षय, आणि पेशाबात शक्करही आहे, बाई. एका आजाराला खुराक पाहिजे, दुसऱ्याला उपास. शक्करवर सुई मिळते, पण हैदराबादेत. रोज टोचायची, थंड ठेवायची. मानवतात कसं करणार? आता फार दिवस नाहीत."

घरी आल्यावर मी साखर पेटीत ठेवून कुलूप घातलं. गूळ, भात, खीर सगळं बंद. ज्या हातानं भरवलं त्याच हातानं ताट काढून घेऊ लागले. वाटायचं, आपण कडक पाळलं तर डॉक्टर खोटे पडतील.

सासूबाईंना मी साखरेच्या आजाराचं तेवढं सांगितलं, पण त्या नवस मोडायला तयार होईनात. "मोडला तर लेकरू जाईल माजं," एवढंच म्हणायच्या. मग रोज सकाळी मीच पेटी उघडून त्यांच्या ओंजळीतल्या पिठावर साखर घालायची. समोरच मालकांची बाज. ते नुसते बघत राहायचे.

एक दिवस म्हणाले, "अगं, मुंग्यांच्यातली चिमूटभर मला दे की."

"न्हाई. डाक्टरांनी न्हाई म्हणलंय."

"जिभंवर ठिवतो फकस्त. गिळत न्हाई."

"एकदा न्हाई म्हणलं ना!" मी खेकसलेच.

ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. चौथ्या दिवशी गेले.

त्यांना माती दिली त्याच्या दुसऱ्या सकाळी सासूबाई वारुळाशी गेल्या नाहीत. मोरीतल्या मुंग्याही दोन-तीन दिवसांत दिसेनाशा झाल्या. पेटीत साखर मात्र तशीच राहिली होती. सासूबाई नवसाला बांधलेल्या होत्या, त्यांना मी कशाला दोष देऊ? फार दिवस नाहीत असं डॉक्टर व्हरांड्यात म्हणाले, ते मलाच तेवढं ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी मालकांना चिमूटभर साखर दिली नाही.