मामांनी बांधलेलं वाक्य

"वास घेतल्याबगर बोलू नका, साहेब." करमाडजवळच्या दूध प्लँटात टाकीचं झाकण उघडून तिथले जुने ऑपरेटर, सगळ्यांचे मामा, आत नाक घालायचे आणि आम्हाला हेच सुनवायचे. मेंढपाळाच्या घरातले, मीटरच्या आधी त्यांना नासकं कळायचं.

तिथली यंत्रं चालवणारी संगणकाची भाषा मी लिहिली होती. झडप उघड, पंप थांबव, अशा सुट्या आज्ञा. त्यांतून स्वतःच्या घडणीचं नवं वाक्य बांधायची सोयही ठेवली होती, खरं तर मिरवायला. वापरली एकट्या मामांनी.

त्यांनी लिहिलं : "दोनचं नासलंय, गटारीला लाव." आकडा बदलला की कुठल्याही टाकीला चालायचं. एवढ्यावर संगणक आधी चांगल्या दुधाच्या टाकीकडची झडप बंद करी, मग उरलेल्या पाच आज्ञा देई.

"मामा, सहा ओळी हातानं देता येत नाहीत?"

"येतात की. पण माझं ध्यान लई कच्चं. घाईत पहिलीच ओळ राहती. म्हणून तर एकदाच बांधून ठेवलं."

मुख्य कचेरीतले पाहुणे आले. पडद्याकडे बघून एकानं तोंड वाकडं केलं, "शी! काय हे गावठी!" मला लाज वाटली ती माझ्या भाषेची. दुसऱ्याच दिवशी मी ती सोय काढून टाकली.

"साहेब, माझं वाक्य कुठं गेलं?"

"सगळ्यांची भाषा एकच हवी, मामा."

"एकच म्हंजी तुमचीच, व्हय ना?"

पुढच्याच महिन्यात एका सकाळी तीन टँकर एकदम आले. मामांची पहिली ओळ राहिली. आंबलेलं दूध चांगल्या टाकीत शिरलं आणि सगळी टाकी ओतून द्यावी लागली.

चौकशीत मला विचारलं, "प्रोग्रॅममध्ये दोष?"

"नाही. माणसाची चूक," मी म्हणालो. मामा समोर बसले होते. मी कागद चाळत राहिलो. संध्याकाळी त्यांना कामावरून काढलं.

तुमच्याही कामावर असे एखादे मामा असतील. काम त्यांना कळतं. त्यांचं वाक्य जिच्यात मावत नाही ती भाषा कितीही नेटकी असो, लिहिणाऱ्याचा निव्वळ माज असतो. हे मला तेव्हाही कळत होतं. किळस येते ती त्याचीच.

मामा लासूरकडं मेंढ्या राखतात म्हणे. मी गेलेलो नाही. सोय मात्र गुपचूप परत घातली, त्यांचं वाक्यही, जसंच्या तसं. परवा नवा ऑपरेटर म्हणाला, "साहेब, हे वाक्य लई भारी बांधलंत तुम्ही."

मी मान डोलावली.