बांधाखालचे कोळसे
इस्त्रीवाल्याच्या कोळशाचा वास आला की मला उरवडे गावातल्या शेताचा एक बांध आठवतो. प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कन लोकांवर मी तेव्हा रहस्यकथा लिहीत होते. हद्दीचा दगड सरकवणाऱ्याचं घराणं देव बुडवतात, एवढं त्यांच्या कायद्यात सापडलं. पण दगड सरकवलाय हे माझ्या कथेतल्या हेराने सिद्ध कसं करायचं, ते कुठल्याच पुस्तकात मिळेना. कथा सोडूनच द्यावी अशा विचारात मी त्या बांधावर, वाळक्या गवतात बसले होते. तिथे शेळ्या राखणाऱ्या मावशींना अडचण सांगितली, तर त्या हसल्याच. "आवं, दगड रोवताना खाली कोळसं पुरत्यात. कोळसा कुजत न्हाई. चोर दगड सरकवतो, कोळसं तितंच ऱ्हात्यात. आमची जमीन अशीच वाचली." आणि काठीने त्यांनी नेमकी जागा दाखवली. त्याच संध्याकाळी माझ्या हेराने कुदळ मागवली. आता पुस्तक छापून आलंय, आणि त्यात सगळ्या अभ्यासकांच्या आधी मावशींचे आभार आहेत. परवा ते पान मी त्यांना वाचून दाखवलं. ते ऐकून त्या म्हणाल्या, "माजं कशाला लिवलं? कोळसं माज्या सासूनं पुरलं व्हतं. तिचं लिवा."