पंख गळल्याच्या खुणा

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेट्रोत होतो. पुढच्या स्टेशनावर उतरून बाकावर बसलो, तर उठवेना. त्याला महिना होऊन गेला, थकवा अजून उतरलेला नाही. साठीच्या आसपास मित्र जातो तेव्हा धड रडूही येत नाही... नुसतं बसून राहावंसं वाटतं.

नागपूरहून आम्ही दोघं एकाच खात्यात दिल्लीला आलो. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये लोक खिडकीत कुंड्या ठेवतात, हा काचेच्या नळ्यांत मुंग्यांच्या राण्या ठेवायचा. पाऊस उघडून उकडायला लागलं की पंखवाल्या मुंग्या उडत, आणि हा दिव्याच्या खांबाखाली उकिडवा बसे. गार्ड विचारी, "साहब, कुछ गिर गया क्या?" हा शांतपणे सांगे, "नहीं भाई, रानी ढूँढ रहा हूँ." मी हमखास मोठ्या डोक्याचा मुंगळा धरून नेई. "यार, ही कामकरी," तो म्हणे. "डोक्याला भुलू नकोस, पाठ बघ. राणीची पाठ रुंद, फुगीर असते, उडायचं बळ तिथेच. पंख गळले तरी दोन्ही बाजूंना खुणा राहतात." हे सगळं भिंगाशिवाय. मला तर भिंगातूनही वेळ लागे.

परवा सुजातावहिनींना भेटायला गेलो. क्वार्टर सोडायचं म्हणून सामान बांधून झालं होतं. खिडकीत एकच नळी उरली होती, आजारपणात त्यानं अगदी शेवटी धरलेल्या मुंगीची. मी भिंग लावलं. पाठ अरुंद, खुणा कुठेच नाहीत. साधी कामकरी! मिलिंदची चूक, आणि वहिनी तिला राणी समजून जपतायत. सांगावं की गप्प बसावं?

"वहिनी, ही काही अंडी..."

"नाही घालणार. राणी नाहीये ती, भाऊजी," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी काय नुसता चहाच केला का? शुगरनं त्यांची नजर पार अधू झाली होती. विचारलं, 'सुजाता, खुणा आहेत ना?' मी म्हटलं, बिल्कुल आहेत. इतके खूश झाले..."

नळीच्या तोंडचा कापसाचा बोळा काढत त्या म्हणाल्या, "राणीला पहिली पिल्लं होईपर्यंत खायला लागत नाही म्हणायचे. हिला लागतं. दुपारी त्यांचा डोळा लागला की देत होते."

काडीवर साखरपाण्याचा थेंब घेऊन त्यांनी तो नळीत सोडला. माझ्यासमोर, उघड. आता लपवायचं कुणापासून, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.