वरच्या मजल्यावरच्या खोल्या

गडब गावच्या रंभाकाकीने सोळा वर्षं घरातल्या बावीस माणसांच्या निजण्याची सोय केली. भाताची झोडणी आटोपली की सगळं कुटुंब दोन दिवस हरिहरेश्वरला जायचं. त्याआधी आठवडाभर काकी तिथल्या लॉजवाल्यांना फोन करायची. आधी त्यांच्या घरची चौकशी, मग स्वतःच्या शेतातल्या वालांची हकीकत, आणि मग हळूच, "चादरी आमच्या आम्ही आणू, टॉवेलपन नको. आता सांगा, किती कमी करता?" समोरचा हसायचा आणि कमी करायचा. घोरणारा दीर कुठल्या खोलीत, रुसलेली नणंद कुणाजवळ, हेही काकीच ठरवायची. एरवी घरात तिला कुणी फारसं विचारत नसे. या दोन दिवसांत विचारत.

यंदा पुतण्या हितेशची बायको प्रणिता घरात आली होती. माहेर रोह्याचं, नोकरीही तिकडच्याच एका कंपनीत. रविवारी जेवताना तिने फोनवर बोट फिरवलं.

"आठ खोल्या, समुद्राच्या बाजूच्या. चाळीस टक्के सूट आहे. करू बुक? बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत फुकट रद्द करता येतं."

"कर की!" तिचा सासरा म्हणाला. "वैनी, तुमची आठवडाभराची कटकट वाचली."

कटकट. काकीने हातातला घास परत ताटात ठेवला.

फोन हातोहात फिरला. सगळ्यांनी फोटोत समुद्र पाहिला. काकीने जिना पाहिला. खोल्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टचं नाव नाही. तिची सासू इंदुबाई, वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. काकी दर वर्षी पहिलं हेच विचारायची, खाली खोली आहे का. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"छान हाय," म्हणत तिने फोन पुढे दिला.

सोमवारी प्रणिताने पेणहून इंदुबाईंसाठी मऊ चपला आणल्या. म्हातारी त्या घालून ओटीवर फिरत राहिली, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. मंगळवारी काकी कुणाशी धड बोलली नाही. बुधवारी तांदूळ निवडताना तिची नजर घड्याळाकडे जात होती. जिन्यापाशी सासू अडेल, प्रणिता गोंधळेल, मग सगळे आपल्याकडे वळतील आणि आपण खालची खोली मिळवून देऊ. हे चित्र तिने मनात इतक्यांदा रंगवलं, की सहा वाजून गेले तेव्हा तिला हायसंच वाटलं.

शुक्रवारी इंदुबाई खरंच पहिल्या पायरीशी थांबल्या. "अगो बाय, एवढं चढू?"

प्रणिताचा चेहरा उतरला. काकी मॅनेजरकडे निघालीच होती. तेवढ्यात हितेश आणि अक्षयने मनगटं एकमेकांत गुंफून आजीला वर बसवलं. अक्षय काकीचा स्वतःचा मुलगा.

"हळू रे मेल्यांनो! माझ्या लग्नातपन मला कुनी असं उचललं नव्हतं!"

"मग आजोबांना सांगायचं ना!" अक्षय म्हणाला. सगळं कुटुंब हसत वर गेलं.

गॅलरीत इंदुबाई बराच वेळ दर्याकडे बघत बसल्या. "इतकी वर्सं येतो, पन खोलीतनं असा कधी दिसला नाय. पोर हुशार हाय हो."

सोळा वर्षं काकीने मागच्या अंगाच्या खोल्या घेतल्या होत्या. त्या खाली होत्या म्हणून. हे कुणाच्या लक्षात नव्हतं, आणि आता बोलून दाखवावं तर कसं, तेही तिला कळेना.

संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर गेले. इंदुबाईंजवळ काकी आणि प्रणिताच राहिल्या. प्रणिता गादीवर चादर पसरत होती, दुसरं टोक काकीने धरलं होतं.

"काकी, जिन्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आजींना उद्या परत असंच उतरवायचं म्हणजे... तुम्ही फोटो बघितले होते ना? तुमच्या तरी..."

"आलं होतं माझ्या ध्यानात," काकी म्हणाली.

प्रणिताचे हात थांबले. तिने काकीकडे पाहिलं. मग काकीच्या हातातलं चादरीचं टोक काढून घेतलं, स्वतःच गादीखाली खोचलं आणि पुढच्या खोलीत निघून गेली.