पहिला चीक

बहिणीचा डबा घेऊन बाळंतिणींच्या वॉर्डात गेले होते. शेजारच्या खाटेवरची मुलगी शाळेच्या गणवेशात शोभावी एवढीच. कुशीतलं बाळ रडून लाल झालेलं, आणि सासू मधाची वाटी घेऊन उभी.

"पहिला चीक बाळाला सोसत नाही. पिळून टाक. मी मध चाटवते."

मुलीने बाळाला घट्ट धरलं. एवढ्याशा पोरीला आई करायची घाई सगळ्यांना असते. आई म्हणून तिचं ऐकायला मात्र कुणी थांबत नाही.

मान खाली घालूनच ती म्हणाली, "आत्या, गाय व्याली तेव्हा पहिला चीक तुम्ही वासराला पाजलात. खरवस नंतर केलात."

वाटी हातातच राहिली. मुलीने बाळाला ओढणीआड घेतलं. रडणं थांबलं.